ताईची खणखणीत बुचं

भट्टीताई हे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई बेकरीत कामाला असणार. तसलं काही नव्हतं. ताई दगड भाजायची. म्हणजे ती स्वतः ‘वाळवते’ म्हणायची, आणि कुणी ‘भाजते’ म्हटलं की तिचा पारा चढायचा. “भाजायला तो काय पाव आहे?” असं ती फणकारायची आणि पुढचं मिनिटभर त्या माणसाकडे बघायचीसुद्धा नाही.

तेलविहिरी खोदणाऱ्या कंपनीची ती प्रयोगशाळा. विहीर खोदताना जमिनीच्या पोटातून दगडाचे लांबलचक दांडे वर काढतात, त्यांना कोअर म्हणतात. त्या कोअरमधून बाटलीच्या बुचाएवढे तुकडे कापायचे, म्हणून तिथं सगळे त्यांना बुचंच म्हणत. बुचं धुवायची, ताईच्या भट्टीत वाळवायची आणि मग शेजारच्या खोलीतल्या यंत्रात घालून त्यांच्यातून वायू सोडायचा. दगड दिसायला घट्ट, पण मुळात वाळूच ती. कणाकणांमध्ये बारीक पोकळ्या असतात आणि तेल बसलेलं असतं ते त्या पोकळ्यांमध्ये. वायू सरसर गेला तर तेलही वाहणार. वायू अडला, तर खुशाल विहिरीवर पाणी सोडायचं आणि दुसरीकडे खणायला जायचं.

ताईची भट्टी म्हणजे कपाटाएवढी लोखंडी पेटी. तिची मूठ इतकी तापायची की ताईनं तिला जुन्या चादरीची पट्टी गुंडाळून ठेवली होती. बूच वाळलं की नाही हे ठरवायचा कागदावरचा नियम सरळ होता. तोलायचं, आत ठेवायचं, परत तोलायचं. वजन उतरायचं थांबलं की पाणी संपलं. पण ताईचा आणखी एक नियम होता, तिच्या आधीच्या म्हाताऱ्या भट्टीवाल्याकडून तिनं उचललेला. दोन बुचं एकमेकांवर हलकेच आपटायची. भद्द वाजलं, की चला परत आत. खण् वाजलं, की बाहेर. मोठे साहेब पाहुण्यांना मुद्दाम तिच्या खोलीत आणायचे आणि म्हणायचे, “आमच्या ताईंचा माल एकदम खणखणीत!” ताई वरवर ‘काहीतरीच हं तुमचं’ म्हणायची आणि त्या दिवशी घरी जाताना तिचे पाय जमिनीला लागत नसत.

कामात कुचराई हा शब्द तिला ठाऊक नव्हता. तिच्या भट्टीतून अर्धवट ओलं बूच कधी बाहेर पडलं नाही. कुणी घाई केली तर “वजन थांबू दे की मेल्या!” म्हणून ती त्याला हाकलून द्यायची. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं जे झालं ते आळसानं किंवा चालढकलीनं झालं असतं, तर निदान कुणाला तरी चार शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं.

घरी ती आणि आई. कंपनीच्या वसाहतीतल्या दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागं कपडे वाळत घालायला गॅलरी. वडील लवकर गेले. धाकट्या भावाला ताईनंच वाढवलं, शिकवलं, कामाला लावलं, आणि या सगळ्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. का राहिलं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. भाऊ दूरच्या गोदीत जहाजांचे पंप दुरुस्त करायचा. तिथंच त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, तो मुकादम झाला. वर्षातून एकदा चार दिवस यायचा, आणि तो गेला की आई आठवडाभर जेवणात चिवडाचिवड करायची. “दोघं एका छपराखाली दिसा रे मला,” हे आईचं पालुपद. “मग मी डोळे मिटायला मोकळी.” ताई चिडायची. “त्याला इथं आणू कशाला मग, तू डोळे मिटावेस म्हणून?” पण तिच्याही मनात दुसरं काही नव्हतं.

आणि मग टेकडीपलीकडच्या नव्या विहिरीचा कोअर आला.

जुनं क्षेत्र आटत चाललं होतं, सगळ्यांचे जीव टांगणीला लागले होते. ताईनं ती बुचं नेहमीसारखीच वाळवली, नेहमीसारखीच वाजवली. खण्! शेजारच्या खोलीत वायू सोडला, तर तो असा धावला की यंत्रावरच्या माणसाला वाटलं, बूच तडकलं बहुतेक. पुन्हा केलं, दुसरं बूच घेतलं, तेच. साहेबांनी आकडा बघितला आणि खुर्चीतून उठलेच. वसाहतीत त्या दिवशी लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. नव्या क्षेत्रात विहिरी खोदायचं ठरलं, पंपांवर माणसं घ्यायचं ठरलं, आणि ताईनं भट्टीखोलीतूनच भावाला फोन लावला.

“ते क्षेत्र खरंच चालणार का गं?” भाऊ म्हणाला. “इथं मी मुकादम आहे, ताई. सोडलं की सोडलं. परत दारात उभं करणार नाहीत.”

ताईच्या एप्रनच्या खिशात दोन बुचं होती. तिनं ती फोनजवळ धरून वाजवली.

“काय होतं ते?”

“तुझी नोकरी,” ताई म्हणाली. “ऐकलीस? एकदम खणखणीत. पोरगी मोठी होईतो मरण नाही त्या दगडाला.”

भाऊ हसला. “तू म्हणतेस म्हणजे झालंच.”

“मग ये,” ताई म्हणाली. “ये रे.”

तो आला. बायको, मुलगी आणि पाने-पकडींच्या पेटीसकट आला. भावजय आधी थोडी घुश्शात होती, माहेर गोदीच्या गावातच राहिलं म्हणून. पण आठवडाभरात तिनं आईचा ताबा घेतला. सकाळी आईला आंघोळ घालणं, तिचे केस विंचरणं, दुपारी तिच्याशी गप्पा छाटणं, सगळं तिच्याकडे. आई पोटभर जेवायला लागली. पोरीला ताईनं कडा उडालेली दोन जुनी बुचं खेळायला दिली, ती पोर दिवसभर वाजवत हिंडायची आणि सगळ्यांचं डोकं उठवायची. ताई कामावरून आली की दारातल्या चपला-बुटांचा पसारा बघून “काय हे, धर्मशाळा आहे का?” असं ओरडायची, आणि मग खाली बसून एकेक जोड नीट लावायची. ते जोड लावताना तिला किती बरं वाटायचं, ते तिचं तिलाच माहीत.

नव्या विहिरीवर पंप आणि तेल कमीजास्त सोडायची झडप भावाकडे होती. आधी तेल छान आलं. मग धार कमी झाली. वरून हुकूम आला, झडप आणखी उघडा, पंपाचा जोर वाढवा. भावानं वाढवला. दोन दिवस बरं, आणि मग पहिल्यापेक्षाही कमी. पुन्हा जोर, पुन्हा तेच. शेजारच्या दोन्ही विहिरींचीही तीच गत. भाऊ घरी यायचा तो तोंड एवढंसं करून.

“ताई, तुझा दगड रुसलाय बघ,” तो एकदा जेवताना म्हणाला.

“माझ्या दगडाला नावं ठेवायची नाहीत,” ताई म्हणाली. “तो खणखणीत आहे. तुझ्याच पंपात खोट असणार.”

ती चेष्टाच होती. पण विहिरीवरचे साहेबही तेच म्हणत होते, आणि तेही चेष्टेशिवाय. भावानं पंप खोलला, जोडला, परत खोलला. त्याच्या बोटांची सालं निघाली. एका सुटीच्या दिवशीही तो ताट तसंच टाकून विहिरीवर गेला. भावजय ताट झाकून ठेवत होती तेव्हा ताईनं “येईल गं, पंप ताळ्यावर आणूनच येईल,” असं म्हटलं, आणि भावजय ताट उचलून आत गेली.

शेवटी कंपनीनं बाहेरून एक बाई बोलावल्या. त्या दगडांच्या मोठ्या जाणकार, वयानं ताईपेक्षा लहान, बोलायला साध्या. त्यांनी कोठारातून नव्या विहिरीच्या कोअरचा एक तुकडा मागवला, खोदल्याबरोबर मेणात बंद करून ठेवलेला, कधीच न वाळवलेला. तो त्यांनी भट्टीत घालूच दिला नाही. स्वतःच काहीतरी करून अगदी सावकाश सुकवला, आणि मग इलेक्ट्रॉनवाल्या मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली घातला. ताईला ते खटकलं. माझी भट्टी काय विटाळली आहे का, असं पुटपुटत ती त्या खोलीत गेली. बाईंनी तिला खुर्ची दिली आणि पडद्यावरचं चित्र दाखवलं.

वाळूचे कण खडकाएवढे मोठे दिसत होते. आणि त्यांच्यामधल्या पोकळ्या केसांनी भरल्या होत्या. बारीक, लांब, एकमेकांत गुंतलेले केस, या कणापासून त्या कणापर्यंत.

“हे काय किडेबिडे आहेत?” ताईनं विचारलं.

“चिकणमाती आहे,” बाई म्हणाल्या. “इतक्या खोलवर पाणी गरम असतं, खारट असतं. ते लाखो वर्षं या दगडातून हळूहळू फिरत राहिलं. जुनी माती त्यात विरघळली आणि या रूपात पुन्हा उगवली. पाणी होतं तोवर केस वाढत राहिले.”

“आमच्या जुन्या क्षेत्रात असं कधी नव्हतं.”

“तिथं तेल लवकर येऊन पोकळ्यांत बसलं. पाण्याला फिरायला जागाच उरली नाही, म्हणून केस उगवले नाहीत. इथं तेल फार उशिरा पोचलं.”

मग बाईंनी दुसरं चित्र लावलं. तोच दगड, जमिनीखालच्या त्याच पातळीवरचा, पण भट्टीतून निघालेलं बूच. पोकळ्या स्वच्छ. सगळे केस कणांच्या अंगाला चप्प बसलेले, आंघोळीनंतर ओले केस डोक्याला चिकटतात तसे.

“तापलेल्या भट्टीत पाणी उडून जाताना केसांना आपल्याबरोबर ओढतं आणि भिंतीला चिकटवतं,” बाई म्हणाल्या. “मग वायूला वाट मोकळी मिळते.”

“इथं वर,” ताई म्हणाली.

“हो. खाली जमिनीत केस तसेच उभे.”

ताईनं खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग तिनं विचारलं, “आणि पंप?”

“पंपाचा काय दोष? उलट जितका जोर लावला तितके केस तुटले, वाहत गेले आणि अरुंद वाटांत अडकून बसले. अगदी हळू काढलं असतं तर विहीर थोडी जास्त टिकली असती. थोडीच.”

“म्हणजे पंप बरोबर होता,” ताई म्हणाली. “तो बरोबरच होता.”

बाईंना यातलं काही कळलं नाही. त्या समजुतीनं म्हणाल्या, “तुमची काही चूक नाही हो. पद्धतच तशी होती.” ताई मान हलवून उठली. भट्टीखोलीत येऊन स्टुलावर बसली आणि विचार करत राहिली. पद्धतीला काय हात असतात? चादरीची पट्टी गुंडाळलेली ती मूठ पद्धतीनं ओढली का? वजन थांबल्यावर ‘अजून थोडं राहू दे, खण् वाजलं नाही’ म्हणून पुन्हा आत कोण ठेवत होतं? आणि फोनवर ती बुचं कुणी वाजवली? पद्धतीनं भावाला ‘ये’ म्हटलं नव्हतं.

विहिरींवर उपाय करून पाहिले. औषधं सोडली, जोर कमी केला. काही उपयोग झाला नाही. तुटलेल्या केसांचा गाळ बसला तो बसला. नवं क्षेत्र बंद करायचं ठरलं. बैठकीत मोठ्या साहेबांनी ‘वाळवण्याच्या टप्प्यावर त्रुटी राहिली’ असं म्हटलं आणि ताईच्या दिशेनं बघायचं टाळलं. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं रागानं बघितलं असतं तर ताईला सोपं गेलं असतं.

भावाला तिनं स्वतःच सांगितलं. तो गॅलरीत पेटीतल्या पान्यांना तेल लावत बसला होता, भावजय मागं कपडे काढत होती. ताईनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. केस, भट्टी, चित्रं, सगळं. भावाचा हात मध्येच थांबला.

“म्हणजे मी तो पंप उगाच खोलत बसलो होय?” तो म्हणाला. आणि हसला, लहानपणी पडला की आधी हसायचा तसा.

“मला बोल काहीतरी,” ताई म्हणाली. “शिव्या दे.”

“काय बोलू? तू ये म्हणालीस, मी माझ्या पायांनी आलो. तू काय मला बांधून आणलंस?”

भावजय कपडे खांद्यावर घेऊन आत निघाली होती. ती दारात थांबली. “वन्सं,” ती म्हणाली, अगदी शांतपणे, “तुम्ही पंपात खोट आहे म्हणालात ना, त्यानंतर हे झोपेत बोलायचे. माझं काय चुकलं, माझं काय चुकलं, एवढंच.” आणि ती आत गेली. ताई तिथंच कठड्याला धरून उभी राहिली. तिला रडू येईल असं वाटलं, पण तेही येईना.

गोदीत भावाला परत घेतलं, म्हणजे नशीबच म्हणायचं. पण मुकादम म्हणून नाही. ज्याला त्यानं पाना धरायला शिकवला होता, त्याच्याच हाताखाली. इथं दुसरं काम नव्हतंच. ताईची नोकरी मात्र शाबूत राहिली, दुसरीकडचे दगड वाळवायला येत होते. हेही तिला टोचायचं. भट्टी राहिली, आणि भट्टीवर विसंबलेली माणसं निघाली.

सामान बांधायला सुरुवात झाली तेव्हा ताईनं आईची औषधं वेगळी काढली, कुठली सकाळी, कुठली रात्री, आता आपल्यालाच बघायला हवं म्हणून. आई पलंगावरून बघत होती.

“ती त्या मोठ्या पिशवीत ठेव,” आई म्हणाली.

“त्यांच्या पिशवीत कशाला?”

“मी जातेय ना त्यांच्याबरोबर.”

ताईनं हातातली औषधं पलंगावर ठेवली. आईनं तिचा हात धरून तिला जवळ बसवलं. “तू दिवसभर दगडांत असतेस. मला आता उठताबसता माणूस लागतं, आणि सूनबाईची सवय झालीय. पोर पण तिकडेच.” “तुझ्यावर राग नाही हो माझा. तुझा जीव किती आहे त्याच्यावर, ते मला नाही ठाऊक?” तिनं ताईच्या तोंडावरून हात फिरवला. “फक्त आता पुन्हा कुणाला बोलावू नकोस, बाई. एवढं ऐक माझं.”

आईनं हे इतक्या मायेनं सांगितलं की ताई फक्त “बरं” म्हणाली. मग तिनं औषधं मोठ्या पिशवीत भरली, आणि पिशवीची चेन अडली तेव्हा भावाला हाक मारली.

ते गेले त्या सकाळी दारातले सगळे जोड एकेक करून कमी झाले आणि एकच उरला.

प्रयोगशाळेत पद्धत बदलली. बाईंनी जाताना सांगितल्याप्रमाणे भट्टी आता जेमतेम कोमट ठेवतात आणि आतली हवा दमट. बुचं सावकाश सुकतात आणि अंगात थोडा ओलावा ठेवूनच बाहेर येतात. ताई ती तोलते, काचेच्या भांड्यात ठेवते आणि शेजारच्या खोलीत पोचवते. वाजवत नाही. सुरुवातीला एकदा सवयीनं वाजवून बघितलं होतं, तर भद्द वाजलं. तिच्या शिस्तीत ते परत आत जायचं बूच, आणि नव्या शिस्तीत तेच बरोबर. साहेब आता पाहुण्यांना तिच्या खोलीत आणत नाहीत.

सुटीच्या दिवशी गोदीच्या गावाहून फोन येतो. भाऊ “बरं चाललंय” म्हणतो, त्याचा आवाज दमलेला असतो. भावजय आईच्या गुडघ्यांचं सांगते. आई स्वतः बोलते ती थोडंसंच. तिला ऐकू कमी येतं आणि ताई काय म्हणते ते भावजयीला तिच्या कानात ओरडून सांगावं लागतं. मग पोरगी फोन हिसकावून घेते.

“आत्या, ऐक हं!” ती परवा म्हणाली.

खण्!

कडा उडालेली ती दोन बुचं तिनं जपून नेली होती. फोनमधून तो आवाज जसाच्या तसा आला, स्वच्छ. ताईनं डोळे मिटून घेतले.

“ऐकलंस?”

“ऐकलं गं.”

“इथं खेळायला गॅलरी नाहीये. बाबा पण तिकडं हसायचे, इथं हसत नाहीत.” मग पोरीनं आवाज बारीक केला. “आत्या, तू आम्हाला ये म्हण ना. तू ये म्हणालीस की बाबा येतात. आजीनंच सांगितलंय मला.”

ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं ते. एवढं एकच अक्षर. पलीकडे पोरगी वाट बघत होती, आणि मागं कुठंतरी भाऊ कुणालातरी विचारत होता, पाना कुठं ठेवलाय.

“छान वाजतात गं तुझी बुचं,” ताई म्हणाली. “नीट जप हं.” आणि तिनं फोन ठेवला.